वाक्य बरोबर

माझा स्वभाव मुळातच तापट, आणि त्यात भाषेचं सोवळं. असा माणूस मास्तर झाला की वर्गाची खैर नसते. माझ्या वर्गाचीही नव्हती, आणि त्यातल्या एका मुलीची तर मुळीच नव्हती. तिच्याबद्दल सांगायचं आहे, पण आधी मी तिथे काय मिजाशीत पोचलो ते सांगायला हवं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या साताऱ्याकडे डी.एड. झालेली पोरं पैशाला पासरी, आणि भंडाऱ्याकडे जागा रिकाम्या, म्हणून मी ट्रंक उचलून इतक्या लांब आलो. करडीच्या पुढे तलावाकाठचं गाव, गावाच्या टोकाला पाचवी ते सातवीची शाळा, तीन खोल्या आणि वर कवेलूचं छप्पर. पहिल्या दिवशी चपराशाने सांगितलं, "हेडमास्तर येऊन राहिले."

आमच्याकडच्या कानाला याचा अर्थ एकच, की ते आले आणि मुक्काम ठोकून राहिले. मी त्यांच्या बंद खोलीचं दार वाजवत बसलो. शेवटी वैतागून विचारलं, "अहो, राहिले ते कुठे?"

"रस्त्यात हायेत जी."

"रस्त्यात राहिले?"

चपराशी माझ्याकडे बघतच राहिला. पाच मिनिटांनी हेडमास्तर सायकलवरून उतरले तेव्हा उलगडा झाला. 'येऊन राहिले' म्हणजे येत आहेत. चालू असलेली प्रत्येक गोष्ट या मुलखात 'राहते'. जेवून राहिलो, पाणी पडून राहिलं, पोरगी रडून राहिली. मी पोट धरून हसलो. हसून सोडून दिलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण मी मराठीचा मास्तर. दुसऱ्याच आठवड्यात फर्मान काढलं, की माझ्या वर्गात 'राहिलो, राहिली' बंद. जो म्हणेल त्याने शुद्ध वाक्य सापडेपर्यंत दाराबाहेर उभं राहायचं, आणि दुसऱ्या कुणी सुचवायचं नाही. हजेरीच्या वेळी, काल जो आला नसेल किंवा उशिरा आला असेल, त्याने उभं राहून कारण पूर्ण वाक्यात सांगायचं. मी "वाक्य बरोबर" म्हटलं की खाली बसायचं. माझा वर्ग सातवीचा, पण पाचवीची मराठीही माझ्याकडेच होती, तिथेही हाच कायदा. शहाण्याला शब्दाचा मार, असं मी तोऱ्यात म्हणायचो.

पंधरा दिवसांत दोन्ही वर्ग गप्प झाले. पोरं प्रश्न विचारीनाशी झाली. पाणी प्यायला जायचं असलं तरी बोट वर करायची आणि बोट वर ठेवूनच विचार बदलायची. मला वाटलं, शिस्त लागली. हेडमास्तर त्याच भागातले, वयाने मोठे. एका दुपारी ते माझ्या वर्गाच्या दारात थोडा वेळ उभे राहिले आणि मग मला व्हरांड्यात बोलावून म्हणाले, "गुरुजी, तुमच्या वर्गात पोट्टे बोलत नाई आताशा. काहून?"

"शुद्ध बोलायला शिकताहेत," मी म्हणालो.

"शिकवा जी. पण तोंडाले कुलूप लागलं, का मंग घरची खबर बी आपल्यापरेंत येत नाई."

मला ते खेडवळ शहाणपण वाटलं. मी मान डोलावली आणि आत गेलो.

एकच मुलगी बोलायची. सातवीत होती, खिडकीपाशी बसायची, आणि माझा कायदा तिने असा आत्मसात केला होता की मधल्या सुट्टीत ती बाकीच्यांना वाक्यं करून द्यायची. तिची धाकटी बहीण पाचवीत होती. ती मात्र माझ्यासमोर आली की ओठच उघडायची नाही. ते रोवण्याचे दिवस होते. रोवणा म्हणजे धानाची लावणी, गावातल्या सगळ्या बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या. या दोघींची आई त्या चिखलातच तापाने पडली. हे मला कसं कळलं? हजेरीतून.

"गुरुजी, मी काल उशिरा आले, कारण आईला ताप येत आहे."

"'येत आहे' नव्हे. कालची गोष्ट आहे ना? 'येत होता'."

"ताप अजून येत आहे, गुरुजी."

मला मान्य करावं लागलं. "वाक्य बरोबर," मी म्हणालो.

दोन दिवसांनी ती पुन्हा उभी राहिली. "आई पेज पीत नाही, म्हणून मी काल आले नाही." मी म्हणालो, "वाक्य बरोबर. शाबास." त्यानंतर एकदा, "आई रात्रभर बडबडत आहे." मी 'बडबडत होती' करून घेतलं, आणि तिने ते नीट म्हणून दाखवलं. एका घरात एक बाई दिवसागणिक खचत होती, त्याची बातमी रोज सकाळी माझ्यापर्यंत येत होती, आणि मी तिच्यातलं क्रियापद तपासत होतो. आज हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

त्या दिवशी आभाळ सकाळपासून तलावावर टेकलं होतं. दुपारच्या तासाला मी फळ्यावर काळ लिहून दिले होते. धाकटी शाळेत आली नव्हती, तिला आईजवळ ठेवलं होतं. मोठी वर्गात होती, पण फळ्याकडे बघत नव्हती. खिडकीतून तलावाची पाळ दिसायची, पाळीच्या पलीकडे त्यांचं घर. ती तिकडेच बघत होती म्हणून मी एकदा खडूही फेकून मारला.

तेवढ्यात धाकटी धावत दारात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, श्वास लागलेला.

"गुरुजी, माय म..."

आणि थांबली. माझ्याकडे बघून तोंडातला शब्द तिने गिळला.

"नीट सांग. आई काय?"

तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिला जे सांगायचं होतं त्याच्या टोकाला तो बंदीतला शब्द होता. मोठी जागेवरून अर्धी उठली. मी तिला हाताने खाली बसवलं, सुचवायचं नाही हा कायदा. धाकटीला म्हणालो, "वाक्य जुळव, मग सांग. घाई नाही." आणि फळ्याकडे वळलो. अपूर्ण भूतकाळाची दोन उदाहरणं मी लिहून पुरी केली. पाठीमागे वर्ग इतका शांत होता की खडूचा आवाज मला मोठा वाटला.

वळलो तेव्हा धाकटी रडत होती. रडत रडतच तिने तिला येत होतं ते एकमेव शुद्ध वाक्य म्हटलं.

"गुरुजी, आई मेली."

मी खडू खाली ठेवला. आता मात्र मी सगळं अगदी रीतसर केलं. मोठी दाराकडे निघाली होती, तिचा खांदा धरून तिला थांबवलं. "एकटी जाऊ नकोस, बाळ. हेडमास्तर येऊ देत, आपण सगळे जाऊ." चपराशाला त्यांना बोलवायला पाठवलं, ते ग्रामपंचायतीत गेले होते. वर्गाला म्हणालो, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहा. सगळी मुलं उभी राहिली. मोठीही राहिली, मान खाली घालून, माझा हात तिच्या खांद्यावर तसाच. धाकटी माझा सदरा ओढत होती. "गुरुजी, ताईले... ताईले..." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "शांत उभी राहा. आईसाठी."

दोन मिनिटं झाली, मग आणखी दहा झाली असतील. हेडमास्तर सायकल टाकून आत आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. धाकटीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "काय झालं वं बाई? सांग मले."

त्यांच्या तोंडून ती बोली ऐकली आणि पोरीचा बांध फुटला. "माय मरून राहिली जी. ताईले बलावून राहिली. बाबा डॉक्टरले आनाले गेला. शेजारच्या काकीनं सांगतलं, ताईले लवकर आन."

मरून राहिली. मरत आहे. अजून आहे.

माझा हात त्या खांद्यावरून कधी निघाला मला आठवत नाही. मोठी दारातून बाहेर पडली होती. आम्ही तिच्या मागे तलावाच्या पाळीवरून धावलो, धाकटीचा हात धरून हेडमास्तर पुढे, मी मागे. माझा पाय दोनदा घसरला. ती एकदाही घसरली नाही आणि तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

घरापाशी पोचलो तेव्हा अंगणात बाया उभ्या होत्या. त्यांतली एक हेडमास्तरांना म्हणाली, "दाराकडंच पाहून राहिली होती जी, पोरीचं नाव घेत. आत्ताच डोये मिटले." आत्ताच. आतून मोठीचा आवाज आला नाही, धाकटीचाच येत होता. मी अंगणात उभा होतो. पुढे जायचं धाडस झालं नाही, परत जायचंही नाही. हेडमास्तर मला एक शब्द बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेरवी झाल्यावर मोठी शाळेत आली. फर्मान मी मधल्या दिवसांत उठवलं होतं, वर्गाला तसं सांगितलंही होतं, पण तिला ते माहीत नव्हतं. मी हजेरी घेत होतो. तिचं नाव आलं तेव्हा मी पुढे जायची घाई केली. ती तरीही उभी राहिली, रोजच्यासारखी, हात बाजूला सरळ.

"गुरुजी, मी इतके दिवस आले नाही, कारण माझी आई वारली."

मी मान हलवली, बस म्हणून. ती बसली नाही.

"ती माझी वाट पाहत होती," ती म्हणाली.

अपूर्ण भूतकाळ. त्या दुपारी फळ्यावर लिहून दिला होता तोच. वाक्यात एक चूक नव्हती. ती उभीच होती, आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता, कारण अशा वेळी मी काय म्हणतो ते सगळ्यांना पाठ होतं.