आमच्या मांजरीसाठी स्थळ

पुरुष माणसानं मांजरासाठी रडू नये, असं आमच्या गावातल्या चहाच्या टपरीवर कधीच ठरलेलं आहे. तिथं आणखीही बरंच काही ठरतं. कुणी जमीन विकावी, कुणी भाडेकरू ठेवावेत, कुणाच्या सुनेनं काय घालावं. मी रडलो, आणि मुद्दाम त्या टपरीच्या बाकड्यावर बसून रडलो. समोरच्यानं विचारलं, ‘‘कोण गेलं?’’ मी म्हणालो, ‘‘आमचा बोका.’’ तो हसायला लागला. मी चहा अर्धा टाकून उठलो आणि पुढचे पंधरा दिवस तिकडे फिरकलो नाही.

पिरंगुटच्या कारखान्यात मी तीस वर्षं फिटर होतो. आता घरी असतो. भावांनी त्यांच्या वाटणीच्या जमिनी बिल्डरला दिल्या, मी दिली नाही. अजून इंद्रायणी भात लावतो आणि पोती पडवीत रचून ठेवतो. भाताची पोती आली की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर हवंच. आमच्याकडे दोन होती, भाऊ आणि बहीण. तीन वर्षांपूर्वी आमच्याच पेंढ्याच्या गंजीत जन्मली. आई एक दिवस गेली ती परत आली नाही, म्हणून बायकोनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवली. भाऊ तांबूस, बहीण तीन रंगांची.

दोघांची कामाची पद्धत ठरलेली होती. तो पोत्यांच्या मागे शिरून उंदीर हुसकायचा, ती दुसऱ्या तोंडाशी दबा धरून बसायची. त्यानं कधी उंदीर धरला नाही आणि तिनं कधी हुसकला नाही. काम झालं की एकाच गोणपाटावर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपायची. कारखान्यात मी पुष्कळ जोड्या पाहिल्या, पण इतकी बिनतक्रार पाळी चालवणारी जोडी पाहिली नाही.

दिवाळीनंतर भात झोडून झाला, पेंढा रचला. त्या पेंढ्यात घोणस होती. ती बोक्याला चावली. मी पोचलो तेव्हा त्याचा पुढचा पाय सुजून जाड झाला होता. स्कूटरवर घालून पिरंगुटला डॉक्टरांकडे नेईपर्यंत तो माझ्या मांडीवर गेला. बांधाच्या कडेला खड्डा घेतला आणि पुरला.

बहीण तीन दिवस हाका मारत फिरली. पोत्यांमागे बघायची, पेंढ्याकडे जायची, परत यायची. मग हाका थांबल्या आणि जेवणही थांबलं. माझ्या बोटावरून दोन घास चाटायची, तेवढंच. उंदीर तिच्या डोळ्यांदेखत पोती कुरतडत होते आणि ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘‘आजार काही नाही. एकटी पडलीये. पण मांजर असं अर्धपोटी फार दिवस राहिलं तर लिव्हर जातं. सोबत बघा तिला.’’

मी सोबत बघायला निघालो. गावात बातमी पसरायला काय लागतं? टपरीवरून हाक आली, ‘‘काय आप्पा, मांजरीला स्थळं बघताय म्हणं? पत्रिका जुळवताय का न्हाई?’’ मी स्कूटर थांबवली आणि म्हणालो, ‘‘तुज्या पोराच्या लग्नात जुळवल्याली न्हवं? मग? सा म्हयन्यांत सून माघारी ग्येली.’’ हे बोलायला नको होतं, मला मान्य आहे. पण माझी मांजरी घरात उपाशी होती आणि यांना चेष्टा सुचत होती.

पहिलं स्थळ शहरातलं. आमच्या खोल्यांत राहणाऱ्या एका भाडेकरूनं मोबाइलवर दाखवलं. महाळुंग्याच्या एका मोठ्या सोसायटीतल्या बाई रस्त्यावरची मांजरं उचलून, औषधपाणी करून चांगल्या घरी देतात. मी फोन केला. मुलीच्या बापालासुद्धा कुणी इतके प्रश्न विचारत नसेल.

‘‘काका, घराला जाळ्या आहेत का?’’

‘‘न्हाईत. पडवी हाय, उघडी.’’

‘‘मग मांजर बाहेर जाणार?’’

‘‘जाईल की. शेत हाय आमचं. काम बी हाय तिला, उंदरं धराया लागत्यात.’’

‘‘काम?’’ बाई म्हणाल्या, ‘‘काका, आम्ही फक्त इनडोअर देतो. आणि आधीचं मांजर कशानं गेलं म्हणालात?’’

‘‘साप.’’

‘‘सॉरी काका. ते सेफ नाहीये.’’

फोन ठेवल्यावर मी बायकोसमोर त्या बाईंना बरंच काही बोललो. दहाव्या मजल्यावर काचेत कोंडलेलं मांजर म्हणजे मांजर का शोपीस, वगैरे. पण राग आला होता तो बाई चुकल्या म्हणून नव्हे. माझ्या घरात माझ्या देखत एक जीव गेला होता आणि ते त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं होतं. त्या दुपारी मी उरलेला सगळा पेंढा काठीनं उचकून पुन्हा घरापासून लांब, खळ्याच्या पलीकडे रचला.

दुसरं स्थळ नात्यातलं. माझी थोरली बहीण ताम्हिणीला दिलीये. थोडी शेती आणि रस्त्याला लागून लहानसा ढाबा. ढाब्यावर मांजरांना काय तोटा? तिथं तीन पिल्लं होती आणि त्यांत एक तांबूस. आमच्या बोक्यासारखाच तांबूस, तसाच पांढरा गळा. मी दुसऱ्या पिल्लांकडे पाहिलंसुद्धा नाही.

बहीण म्हणाली, ‘‘रंग बगून काय घेतुयास? साडी हाय व्हय?’’

मी ऐकलं नाही. मांजराला परतीची वाट कळू नये म्हणून आमच्याकडे पोत्यात घालून आणतात, तसं त्याला पोत्यात घातलं आणि घराच्या वाटेला लागलो. वाटेत डोक्यात एकच विचार होता, की तिला भाऊ परत मिळाला पाहिजे.

आणि मग मी ते केलं, जे शेतकऱ्यालाच सुचू शकतं. गाईचं वासरू गेलं की ती पान्हा चोरते. मग दुसरं वासरू लावायचं असेल, तर मेलेल्या वासराच्या अंगाखालचं फडकं नव्या वासराच्या अंगावर चोळायचं. गाय हुंगते, आपला वास ओळखते, चाटायला लागते. मी स्वतः हे केलेलं आहे आणि गाईनं दूध दिलेलं आहे. बोक्याचं गोणपाट अजून पडवीत तसंच होतं. मी ते पिल्लाला सगळीकडून चोळलं, रात्रभर त्यातच गुंडाळून ठेवलं आणि सकाळी तिच्यापुढे सोडलं.

ती लांबून आली. हुंगलं. आणि तिच्या गळ्यातून एक बारीक घुरघुर आली, मधेच तुटणारी. तो आवाज ती फक्त भावासाठी काढायची. मी बायकोला हाक मारली, ‘‘ए, बघ, बघ.’’ तिनं पिल्लाचा कान चाटला. मग थांबली. परत हुंगलं, पिल्लाच्या तोंडाकडे बघितलं. पिल्लाला ओलांडून गोणपाटाकडे गेली, त्यात तोंड घातलं, पंजानं घडी उचकून आत बघितलं. मग पोत्यांच्या मागे जाऊन आली. तिथंही कुणी नव्हतं.

नंतर ती बाहेर पडली ती थेट पेंढ्याच्या जुन्या जागी जाऊन बसली आणि हाका मारायला लागली. पहिल्या तीन दिवसांत मारल्या होत्या तशाच. दोन दिवस ती तिथून हलली नाही. माझ्या बोटावरचंही घेईना.

गाईला फसवलं तेव्हा मला लाज वाटली नव्हती. तिथं वासरू जगवायचं होतं. ही फसवणूक मात्र मी माझं मन शांत व्हावं म्हणून केली होती, आणि हे मला त्या दोन दिवसांत पक्कं कळलं. बायकोनं गोणपाट उचललं, निरम्यात बुडवून दगडावर आपटून धुतलं आणि उन्हात टाकलं. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पिल्लू परत द्यायला गेलो तेव्हा बहीण ढाब्यावर भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून घेतलं. पिल्लू माझ्या हातातून काढून घेऊन म्हणाली, ‘‘आरं येड्या, भाऊ मेल्याचं तिला कवाच कळलंय. तुलाच न्हाई कळलं अजून.’’ मग मला पिठलं वाढलं. मी खाली मान घालून खाल्लं.

त्यानंतर मात्र माझ्या डोक्यातून तांबूस रंग गेला तो गेलाच. उलट एक जिद्द आली. भावासारखा कुणी आणायचा नाही. सारखा तर मुळीच नाही.

पिरंगुटच्या बाजारात एक चिकनवाले चाचा आहेत. कारखान्यात होतो तेव्हापासून मी त्यांच्याकडूनच घेतो. त्यांच्या ओट्याखाली एक बोका असायचा. काळाकुट्ट, शेपूट अर्धी तुटलेली, एक कान फाटलेला. गेल्या वर्षी कुणी संस्थेवाले बाजारातली मांजरं ऑपरेशन करून, लस टोचून परत सोडून गेले, त्यांत हाही होता. ऑपरेशन झालं तरी स्वभाव तोच राहिला. मी गेलो तेव्हा तो एका कुत्र्याला पायऱ्यांवरून खाली हाकलत होता.

मी म्हणालो, ‘‘चाचा, हा द्या मला.’’

चाचांनी सुरी खाली ठेवली. ‘‘ह्यो? आप्पा, ह्यो नका नेऊ. लई भांडखोर हाय. गिऱ्हाइकाच्या पायाला बी बोचकारतो. तुमाला दुसरं एक शांत हाय, ते द्येतो.’’

‘‘शांत घरात हायच एक. तिचं शांतपणच खातंय मला.’’

चाचांनी माझ्याकडे बघितलं आणि भाजीचं क्रेट काढून दिलं. पोतं मी आणलंच नव्हतं. क्रेटवर जाळी बांधली आणि स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं, म्हणजे त्याला सगळा रस्ता दिसेल. पटलं नाही तर त्यानं बाजारात परत जावं. फसवून आणलेलं काही आता मला घरात नको होतं.

गावात शिरलो तर टपरी भरलेली. ‘‘आप्पा, काळं मांजर? डायरेक घरात?’’ मी म्हणालो, ‘‘व्हय, घरात. आडवं जाईल तवा बगू.’’ बायको दारात उभी होती. तिच्या कपाळाला आठी पडली, कारण काळ्या मांजराचं तिच्या माहेरी फार मानतात. ‘‘ह्योच मिळाला?’’ म्हणाली. मी म्हणालो, ‘‘ह्योच बघितला.’’ ती आत गेली आणि बशीत दूधभात घेऊन आली. बोक्याकडे मात्र न बघता.

या वेळी डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं. एक भाडेकरू खोली सोडून गेला होता, तिथं बोक्याला ठेवलं. मधे बंद दार. आठ दिवस तो दाराच्या त्या बाजूला आणि ती या बाजूला. पहिल्या दिवशी तिनं दाराकडे बघितलंही नाही. चौथ्या दिवशी दाराखालच्या फटीतून काळा पंजा बाहेर आला आणि ती दचकून उठली. सहाव्या दिवशी ती त्या फटीपासून हातभर अंतरावर बसलेली दिसली. शेपटी हलत होती. जेवण अजून दोन घासांवरच होतं. मी तिला उचललं की बरगड्या बोटांना लागत, आणि मला वाटे की हिचं आता शेवटचं चाललंय.

नवव्या दिवशी सकाळी पडवीत दोन बशा मांडल्या, दोन टोकांना, आणि दार उघडलं.

तो आला तोच मालकासारखा. तिच्याकडे ढुंकून न बघता थेट तिच्या बशीकडे गेला आणि बोंबलाच्या तुकड्याला तोंड घातलं. मी पुढे होणार होतो. बायकोनं दंड धरला.

ती उठली. अंगावरचा केस न् केस उभा राहिला. इतक्या दिवसांत तिच्या अंगात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलंच नव्हतं. फिस्कारत ती झेपावली आणि त्याच्या तोंडावर अशी एक ठेवून दिली की तो बाजारातला दादा मागच्या मागे कोलमडला. त्यानं गुरकावून पंजा उचलला. तिनं दुसरी ठेवून दिली. तो सरकत सरकत पोत्यांमागे गेला. मग ती बशीपाशी आली, त्याच्यावरची नजर न काढता बोंबील खाल्ला, भात खाल्ला, बशी चाटून पुसली. नंतर पडवी ओलांडून दुसऱ्या टोकाला गेली आणि त्याच्या वाटणीचंही संपवलं.

मी तिथंच फरशीवर बसलो आणि हमसून रडायला लागलो. दारावरून दोन माणसं जात होती, त्यांनी बघितलं. बघू देत.

बायको म्हणाली, ‘‘अवो, ती भांडत्यात आन् तुमी रडताय?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो. ‘‘भांडत्यात.’’