मिखाएलच्या भाल्याखालचा चेहरा

मित्रहो, आज म्युनिकच्या एका चर्चमध्ये खून पाहून आलो. घाबरू नका, भिंतीवरचा होता.

तीनेकशे वर्षांपूर्वीचं, बरोक काळातलं चित्र आहे. देवदूतांचा सेनापती मिखाएल सैतानाच्या छातीवर पाय रोवून त्याच्या गळ्यात भाला खुपसतोय. गेल्या महायुद्धातल्या बॉम्बने सैतानाचा चेहरा तेवढा उडवला. देवदूत शाबूत, बॉम्बलाही पक्ष कळत असावा.

तो चेहरा नव्याने रंगवणारे चित्रकार क्राउस रशियात लढून आलेले. मी चिडवलं, "आमच्या शिल्पशास्त्रात असुराला सुळे लागतात. तुमच्या सैतानाला निदान दात तरी द्या."

ते रंगवत राहिले. दुपारी पाद्रीबाबा आले. भाल्याखाली तिशीतला साधा माणूस होता, डोळे विस्फारलेले, तोंडात रक्त.

"हा सैतान वाटत नाही."

"भोसकल्यावर कुणीच वाटत नाही, फादर. संगीन माझीच होती."

"खरवडून टाका."

क्राउसनी सुरी त्यांच्यापुढे धरली. "मी एकदा मारलंय याला. आता तुम्ही मारा."

पाद्रीबाबांनी एक डोळा खरवडला. दुसऱ्यापाशी हात थांबला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही त्रयस्थ आहात. काय करू?"

मला एकही श्लोक आठवला नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?