दोष गाजर गवताचा नव्हता

धाराशिवात मी तेहतीस वर्षं ॲलर्जीचे रोगी तपासले. सुरुवातीला शिंका आणि खाज यांसाठी वेगळा डॉक्टर असतो हे ऐकून लोक हसायचे. ‘खाजेचा डॉक्टर’ हे नाव पडलं ते पडलंच. संशोधन म्हणाल तर दवाखान्याच्या गच्चीवर व्हॅसलीन लावलेल्या काचपट्ट्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना चिकटलेले परागकण पाहायचे, आणि त्याच परागांचा अर्क रोग्याच्या हातावर टोचून गांध उठते का ते बघायचं. गाजर गवतावरचा माझा लेख एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि मला परिषदांची बोलावणी येऊ लागली. त्या लेखातला एक रोगी चुकीचा आहे. हे मला बारा वर्षं ठाऊक आहे.

तेरजवळच्या एका खेड्यातली ती बाई, तेव्हा तिशीची असेल. सासू तिला घेऊन आली होती. तीनदा तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, ओठ-जीभ सुजून घसा आवळला होता. तिसऱ्या वेळी सरकारी दवाखान्यात वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली.

“त्याआधी काय खाल्लं होतं?” मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“कायबी न्हाय,” सासू म्हणाली. “पोट दुखत हुतं. उपाशीच हुती.”

“गोळी, औषध?”

“न्हाय हो साहेब. गोळ्यानं हिचं पोट आनिकच बिघडतंय.”

“मग तुम्ही होता कुठं?” मी सुनेला विचारलं.

“रानात,” ती म्हणाली. “तिन्ही बारीला रानातच.”

गाजर गवताच्या अर्काची गांध चांगली रुपयाएवढी उठली. धडधाकट माणसांनाही ती उठते, नुसत्या गांधीवरून निदान करू नये, हे मीच इतर डॉक्टरांना शिकवत असे. पण लेखासाठी मला असाच एक गंभीर रोगी हवा होता. मी सांगितलं, “रानात जाणं बंद. बांधाबांधाला हे गवत आहे. पुन्हा घसा आवळला तर जीव जाईल.” सासूनं मान हलवली.

दोन वर्षांनी हिवाळ्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे जेवायला गेलो होतो. माझं पोट बिघडलेलं. त्याच्या बायकोनं बाटलीतली आंब पेल्यात ओतून, पाणी घालून पुढं केली. पहाटे हरभऱ्याच्या झाडांवर स्वच्छ फडकं फिरवतात, दवाबरोबर पाल्याचा आंबटपणा त्यात उतरतो, ते पिळून बाटलीत भरून ठेवतात. पोटदुखीला घरोघरी देतात. मी सहज विचारलं, “हे औषध किती वेळा घ्यायचं?”

“ह्ये कशाचं औषध? दव हाय ह्ये,” ती हसली. “आन् म्हनं डाक्टर!”

तेरजवळच्या त्या बाईची सासू खोटं बोलली नव्हती. आंब कुणी खाण्यात धरत नाही आणि औषधातही धरत नाही. मी याच भागात वाढलो, आईनं मला ती पाजलेली, तरी मला विचारायचं सुचलं नव्हतं.

निरोप धाडून त्या सुनेला बोलावलं. “तिन्ही वेळा आंब घेतली होती?”

“व्हय की. पोट दुखलं की आत्याबाई द्यायच्या. ती पिऊनच रानात जायची.”

आंबेत पाणी घालून थेंब तिच्या हातावर टोचला, आणि खात्रीसाठी माझ्याही. तिच्या हातावर मोठी गांध उठली, माझ्या हातावर काही नाही. हरभऱ्याच्या डाळीचं मात्र तिला काही झालं नाही. पिठलं ती रोजच खात होती. तेव्हा सांगायला हवं होतं की माझं चुकलं, हरभऱ्याचं रान सोडून कुठंही जा. माझा लेख असलेला अंक टेबलावरच होता. मी म्हणालो, “आंब बंद करा. आणि रानात जाऊ नकाच, तुम्हाला दोन्हींचा त्रास आहे.” दुसरं वाक्य खोटं होतं.

दवाखाना बंद करून आता तीन वर्षं झाली. आधी नियतकालिकाला पत्र लिहिलं, तो रोगी लेखातून काढावा म्हणून. मग गेल्या महिन्यात एसटीनं तिच्या गावी गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती, सासू बाजेवर बसली होती. मी सगळं सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं. “म्हंजे म्या रानात जाऊ शकत हुते?”

“हो.”

“चौदा वर्सं,” ती म्हणाली. “जावा खुरपायला जायच्या, हसत-खिदळत यायच्या. माझ्या वाट्याला ह्या.” तिनं बाजेकडं बोट केलं.

“माझ्यावर कशाला घसरती?” सासू म्हणाली. “म्या हुते म्हनून घरात गरम भाकर खाल्लीस.”

“ती भाकर म्याच थापत हुते, आत्याबाई.”

मग ती माझ्याकडं वळली. “साहेब, पोरीला बघाया आलेले पाव्हणे माघारी गेले. आईचं दुखणं पोरीत उतरलं आसंल म्हनले. तुमी मला येकटीला सांगून काय उपेग? चला पारावर. समद्यांम्होरं सांगा.”

अंगणात माफी मागून परतीची एसटी धरायची, एवढंच मी ठरवून आलो होतो. तिच्यामागं पारावर गेलो. आठ-दहा माणसं बसली होती. मी सांगितलं की निदान चुकलं होतं, त्रास आंबेचा होता, ते मला कळलं होतं, आणि मी ते लपवलं.

“मग आमी आंब पितो त्याचं काय?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“तुम्हाला सोसते तर प्या. यांनी पिऊ नये, एवढंच.”

“मंजी बाई आजारी न्हाय?”

“नाही. आणि यांच्या मुलीत काही उतरायचा प्रश्नच नाही.”

ती शेजारी उभी राहून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. “फिरून सांगा,” ती मला म्हणाली. “मागच्यांना आयकू गेलं नसंल.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.