बारा गोठ्यांच्या बाटल्या

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी महाडला एका कॉलेजात शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करत होतो. उरलेला वेळ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या, म्हणजे बायकोच्या मते तिचा वेळ. विषय होता लेप्टोचा. गुरांच्या आणि उंदरांच्या लघवीतून हा जंतू खाचरातल्या चिखलात उतरतो आणि लावणी करणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून अंगात शिरतो. ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे पिवळे होतात. पुष्कळ जण बरे होतात. उमरठच्या पुढे एका वाडीत एक माणूस बरा झाला नव्हता, दगावला होता, म्हणून मी ती वाडी निवडली.

त्याची बायको साधारण माझ्याच वयाची. मी तिला वहिनी म्हणत असे. नवऱ्याने जाण्याच्या आदल्याच वर्षी हौसेने नवी बैलजोडी आणली होती. जोडी आली आणि माणूस गेला, अशी भावकीत कुजबुज चालायची. वहिनीला ते पटत नव्हतं, पण पटत नाही असं चारचौघांत म्हणायला तिच्या हातात काही नव्हतं. पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "मास्तर, ह्यांना बैलांचाच आजार लागला का नाय, ते तुमच्या तपासणीत कळंल?"

कळेल, म्हटलं. मला माझा प्रबंध हवा होता, तिला हे एवढंच हवं होतं.

आता लघवीचा नमुना घ्यायचा म्हणजे काय, तर पहाटेपासून जनावराच्या मागे बाटली घेऊन उभं राहायचं. परका माणूस दिसला की ते मुतत नाही. नाते गावाच्या बाजूला मी दोन पावसाळे हा उद्योग केला होता, त्यात गुडघ्यावर एक लाथही खाल्ली होती. तिसऱ्या वर्षी माझ्या अगदी जिवावर आलं. म्हणून मी संध्याकाळीच वाडीतल्या बारा घरांत बारा स्वच्छ बाटल्या वाटल्या. प्रत्येकीवर घराचं नाव चिकटवलं आणि सांगितलं, पहाटे आपापल्या बैलाचं धरून ठेवा. रात्री शाळेच्या खोलीत निवांत झोपलो.

सकाळी शाळेच्या पायरीवर बाराही बाटल्या भरून ओळीने ठेवलेल्या. इतकं सोपं काम मला कधी मिळालं नव्हतं. तिथेच बसून थेंब थेंब जंतू वाढवायच्या नळ्यांत घातलं आणि दुपारच्या एस.टी.ने परतलो.

हा जंतू वाढायला महिना-दीड महिना घेतो. या वेळी बाराही नळ्यांत वाढला. मला फार आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्या आनंदातच वाडीवर गेलो आणि वहिनीला सांगितलं, तुमच्या बाटलीत जंतू निघाले.

"म्हंजे बैलांचाच?"

"बहुतेक," मी म्हणालो. गुरांच्या डॉक्टरकडून इंजेक्शनं देऊन घ्या, असंही पुढे सांगितलं. ती गोठ्याकडे बघत होती. तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे.

मुंबईला माझ्या मार्गदर्शकांनी नळ्या पाहिल्या आणि चष्मा काढला. "बारा जनावरं, आणि एकही नळी कोरी नाही? निसर्ग इतका शिस्तीचा नसतो. नमुने तुम्ही स्वतः घेतलेत ना?"

हो म्हणालो. उंटावरून शेळ्या हाकल्या, असं त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार?

दिवाळीनंतर रक्ताचे नमुने घ्यायला पुन्हा वाडी गाठली. पहिल्याच घरात एक म्हातारी होती आणि तिच्या अंगणात एक कालवड बांधलेली. माझ्या हातातली सुई बघून म्हातारी वैतागली.

"हिला आणखी किती पिडाल? मागल्या खेपेला बाराच्या बारा बाटल्या हिच्याच भरल्या."

मी म्हटलं, मी तर प्रत्येकीला आपल्या बैलाचं सांगितलं होतं.

"बैल चालता चालता मुततो. बाटली कुठं कुठं धरायची? आणि काचेची चांगली बाटली, वर घराचं नाव, त्यात बैलाचं भरून देतात का कुणी? ही अजून व्याली नाय. देवाधर्माला सगळी हिचंच गोमूत्र नेतात. तांब्याभर धरला, सगळ्यांनी वाटून घेतला."

बारा गोठे म्हणून मी जे लिहिलं होतं ते एक जनावर होतं. पण प्रबंधातलं एक प्रकरण गेलं, याचं त्या वेळी मला फार काही वाटलं नाही. मी वहिनीच्या घराकडे निघालो.

गोठ्यात लाकडं रचलेली होती. बैल दिवाळीआधीच घाटावरच्या व्यापाऱ्याला दिले, असं ती म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. बाटली तुमच्या बैलांची नव्हती, त्यांची तपासणी झालीच नाही.

तिने ढळलेलं एक लाकूड सरळ केलं. मग म्हणाली, "म्हंजे त्यांचा दोष नव्हता?"

"ते आता कधीच कळायचं नाही, वहिनी."

"ह्यांनी किती हौसेनं आणले होते." तिने पदराने तोंड पुसलं. "माझीच चूक. मीच ती बाटली भरून आणली ना. वर नाव घरचं, म्हंजे कळंल ते आमच्याच बैलांचं, असं वाटलं. तुम्ही तरी काय करणार."

तुमची नाही, माझी चूक, मी पहाटे उठून गोठ्यात उभा राहिलो नाही, एवढं बोलायला कितीसा वेळ लागला असता? पण वाडी चढून आल्याने पाय दुखत होते, परतीची एस.टी. गाठायची होती, आणि ती स्वतःहून दोष घेत होती. मी तिने केलेला चहा प्यायलो, कप ओटीवर ठेवला आणि येतो म्हणालो.