एस्तेरची हरकत

सांगायचं काम माझं होतं, हे आधीच कबूल करते. मी सांगितलं नाही.

एस्तेर म्हणजे आमच्या आसाराम मास्तरांची एकुलती एक लेक. मास्तर तिसगावजवळ आमच्या गावात मिशनच्या शाळेवर होते आणि ती नगरला मुलींच्या बोर्डिंगात शिकायची. सोळा वर्षांची, माझ्याहून एका वर्षानं मोठी. तिची आई मुदतीच्या तापानं गेली त्याला सव्वा वर्ष झालं होतं. शेहेचाळीस सालच्या कापणीच्या सणाला ती दोन दिवसांच्या रजेवर आली, तेव्हा शनिवारी सकाळी तिसगावला मोटारीच्या थांब्यावर तिला आणायला मीच गेले.

आदल्या रविवारी देवळात काय झालं ते तिला ठाऊक नव्हतं. आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की दोघांची नावं लागोपाठ तीन रविवार देवळात वाचतात. कुणाची हरकत असेल तर त्यानं उठून सांगायचं. त्या रविवारी पहिलं वाचन झालं ते आसाराम मास्तरांचं आणि शेवगावच्या छबूबाईंचं. छबूबाई विधवा, बायकांना बायबल वाचून दाखवत गावोगाव फिरायच्या. मास्तरांना लेकीशी या विषयावर बोलायची लाज वाटली. त्यांनी माझ्या आईला गळ घातली, "आक्काबाई, तुम्हीच जरा एस्तेरच्या कानावर घाला." आईनं ते माझ्यावर ढकललं. "तुजी मैतरीन हाय, तूच सांग." शाबास! दोन मोठी माणसं, आणि ओझं कुणाच्या डोक्यावर, तर पंधरा वर्षांच्या पोरीच्या!

मी सांगणारच होते. पण वाटेतला ओढा ओलांडायच्या आत तीच म्हणाली, "रतन, मी आता परत जाणार नाही. बाबा शिळी भाकरी पाण्यात कालवून खातात म्हणे. मी घर बघणार. उद्या जेवणं झाली की बाबांना सांगते."

"आन् शाळा?"

"खड्ड्यात गेली शाळा!" म्हणाली आणि हसली. आई गेल्यापासून एवढी मोकळी हसलेली मी तिला पाहिली नव्हती. माझी जीभ टाळ्याला चिकटली ती चिकटलीच.

घरी आलो तर भिंतींना ताजा चुना. "बाबांनी सणासाठी घर रंगवलं गं!" मी आपली खाली बघत उभी. तिनं बोचकं ठेवलं, पदर खोचला आणि भाकऱ्या थापायला बसली. मास्तर आले, लेकीच्या हातची गरम भाकरी खाल्ली, "छान झालीय" म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. सांगितलंस ना, असं ते बघणं होतं. मी मान हलवली. हो म्हणून. का हलवली, देव जाणे.

मग काय, दिवसभर उसंत नाही. देऊळ सारवायचं, बाजरीच्या कणसांची तोरणं बांधायची, झेंडूच्या माळा ओवायच्या, दिवेलागणीला भजनाची तालीम. पोरी कुजबुजत असायच्या आणि एस्तेर जवळ आली की गप्प व्हायच्या. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या, "गुनाची गं बाई" म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. इतक्या माणसांत ती होती, पण तिच्याशी धड कुणी बोलत नव्हतं. शेवटी तिनं मला विचारलं, "सगळ्या माझ्याशी आजारी माणसाशी बोलल्यासारख्या का बोलतात गं?"

"तुजी आई आठवत आसंल त्यास्नी," मी म्हटलं. धडधडीत खोटं.

रविवारी देऊळ गच्च भरलं. बाजरी, भोपळे, शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या, सगळं अर्पण पुढं मांडलेलं. एस्तेर टाळ घेऊन भजनवाल्यांत पुढं बसलेली. मास्तर पेटीशी. पाळकसाहेबांनी चष्मा लावला आणि कागद काढला.

"आसाराम भिवाजी, विधुर, आणि छबूबाई, विधवा, या उभयतांचा विवाह होणार आहे. कोणाची हरकत असल्यास त्याने आता सांगावे. ही दुसरी वेळ."

एस्तेर उठून उभी राहिली.

सगळं देऊळ तिच्याकडे वळलं. मास्तरांचा हात पेटीच्या भात्यावर तसाच राहिला. पाळकसाहेब हळूच म्हणाले, "एस्तेर, बाळ, तुझी काही हरकत आहे का?"

ती बापाकडे बघत होती. बापानं मान खाली घातली.

"नाही," ती म्हणाली. "मी गाण्यासाठी उठले." आणि टाळ वाजवून तिनं गाणं धरलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. हुंदका मलाच फुटला. बायकांना वाटलं, पोरीला भक्तीचा उमाळा आला!

जेवणं झाल्यावर मी चूक कबूल करायला त्यांच्या घरी गेले, तर बापलेक ओट्यावर बसलेले. मी अंगणातच थांबले.

"रागावलीस?" मास्तर विचारत होते.

"नाही, बाबा. मी घरी राहणार होते. तुमचं करायला."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा संताप आला. "अगं वेडे, आता कशाला? छबूबाई येतायत ना. माझी आता काळजीच नाही. तू बिनघोर शीक!" बिचाऱ्यांना वाटलं, आपण लेकीचं ओझं उतरवलं.

सोमवारी मोटारीपर्यंत मीच सोडायला गेले. वाटेत सगळं सांगून टाकलं, मान हलवली तेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं. "कळलं असतं तर मी आलेच नसते गं," एवढंच म्हणाली. भांडली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मी सुटले असते.

पुढं ती शिकली, राहुरीकडे शाळांवर तीसबत्तीस वर्षं मास्तरीण होती. एकटीच राहिली. लोक तिला शिस्तीची म्हणायचे.

छबूबाई वाईट असत्या तर सगळं सोपं झालं असतं. पण बाई सोन्यासारखी. त्याच शेहेचाळीस सालच्या नाताळात एस्तेर घरी आली तेव्हा मी तिथंच होते. ती आत शिरली आणि सवयीनं पाणी प्यायला माठाकडे वळली. छबूबाई लगबगीनं पुढं झाल्या, तिच्या हातातलं भांडं घेतलं, भिंतीशी पाट मांडला आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "बस गं बाई, दमून आलीस. मी देते पानी. लाजायचं न्हाई बरं का, आपलंच घर समजायचं."

एस्तेर "बरं" म्हणाली आणि पाटावर बसली.