मागची तारीख

पितांबरचं अक्षर छापल्यासारखं होतं. जळगावात एका खाजगी इंजिनियरकडे त्याने सत्तावीस वर्षं नकाशे काढले. केळीच्या बागा, कपाशीची वावरं, एखादी विहीर त्याच्या टेबलावर येईपर्यंत प्लॉटचे नंबर झालेली असत. प्रत्येक नकाशात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागे. तिथे तो 'खुली जागा' असं लिही, आणि ते दोन शब्द जरा सावकाश लिही.

पिंप्राळ्यातल्या ज्या कॉलनीत तो राहत होता, तिचाही नकाशा त्याचाच. मधोमध मैदान होतं. तीस वर्षं तिथे हळदीचे मांडव उभे राहिले, उन्हाळ्यात खाटांवर पापड वाळले, थंडीत काड्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजली गेली. घरं दोन-दोन खोल्यांची. माणूस गेलं की स्मशानात नेण्याआधी त्याला शेवटचं निजवायचं तेही तिथेच. यंदाच्या चैत्रात मैदानाभोवती पत्रे ठोकले गेले. दुकानांचं संकुल होणार होतं. कॉलनीने हरकत घेतली आणि सुनावणीची तारीख लागली.

कौतिक पाटलांनी पेटीतून जुना निळा नकाशा काढला. कॉलनीतला पहिला प्लॉट त्यांनीच घेतलेला. "ही पाहा खुली जागा, मधोमध. अक्षर वळखा कोनं शे? आपला आबानं," ते पितांबरकडे बोट करून म्हणाले.

"आबा तवापासून आपल्यातच आहेत म्हणा की," नूतन म्हणाली. ती पितांबरच्या समोरच राहायची. सगळे हसले.

"सुनावणीले तुम्हीच बोला, आबा. हात तुमना, साक्ष बी तुमनीच," कौतिक म्हणाले.

पितांबर हो म्हणाला.

दुसरा नकाशाही होता, हे त्या सगळ्यांत फक्त त्यालाच माहीत होतं. कॉलनीची जमीन त्याच्या इंजिनियर साहेबांचीच; पहिले प्लॉट विकले गेल्यावर त्यांनी मैदानाचे अकरा प्लॉट पाडायला सांगितले आणि खुली जागा नाल्याच्या काठाला सरकवली. तिथे पावसाळ्यात गाळ, एरवी डुकरं. भाव चढावा म्हणून मैदानाची विक्री मात्र साहेबांनी लांबवत नेली, आणि शेवटी ते एका बिल्डरकडे गेलं. अशा बदलाला प्लॉटवाल्यांची संमती लागते. ती टाळायला साहेब म्हणाले, "तारीख विक्रीआधीची टाक." पितांबरने टाकली. त्याच महिन्यात त्याला चौदा नंबरचा प्लॉट स्वस्तात मिळाला.

सुनावणीच्या सकाळी त्याच्या बायकोने, द्रौपदाबाईने, ताट वाढलं. "तठे काय सांगशात?"

"जे विचारतील ते."

"आन नही विचारं तर?"

तो भाकरी कुस्करत राहिला.

"माले बठ्ठं, सारं माहीत शे," ती म्हणाली. "ह्याच घरमा मी बी ऱ्हास."

सुनावणीत बिल्डरचा वकील हितेंद्र याने दुसरा नकाशा टेबलावर पसरला. तारीख कौतिकांच्या खरेदीच्या दोन महिने आधीची. अधिकाऱ्याने चष्मा वर केला. "आरेखक म्हणून सही तुमची?"

"माझीच."

"मग झालं की."

कौतिक नकाशाकडे पाहत होते. पितांबरने खुर्चीचा हात धरला. "साहेब, ही तारीख खोटी आहे. प्लॉट विकल्यावर मी हा नकाशा काढला. मागची तारीख टाकायला सांगितली, मी टाकली."

"कुणी सांगितली?"

"आमच्या साहेबांनी. ते वारले."

"लेखी काही?"

"नाही."

हितेंद्र हसला नाही. तो मऊ आवाजात म्हणाला, "बाबा, इतक्या सुंदर अक्षराला खोटं कसं म्हणायचं? आणि तुम्ही राहता ना त्याच कॉलनीत? इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

अधिकाऱ्याने पितांबरचं म्हणणं दोन ओळींत लिहून घेतलं. हरकत पुराव्याअभावी फेटाळली.

बाहेर कडुनिंबाखाली कौतिक स्कूटरला किल्ली लावून बसले. त्यांनी विचारलं, "साहेब वारले कधी?"

"बारा वर्षं झाली."

"म्हंजे त्याआधी बोलला असतात, तर त्यांनाच समोर उभं करता आलं असतं."

"हो."

"बसा मागे."

कॉलनीच्या तोंडाशी कौतिकांनी स्कूटर थांबवली. पत्र्यांपाशी पंधरा-वीस जण निकालाची वाट पाहत उभे होते. नूतनने हात उंच केला.

"मी सांगू, का तुम्ही सांगशात?"

"मीच सांगतो," पितांबर म्हणाला आणि उतरला. कौतिकांनी गाडी वळवली आणि ते दुसऱ्या गल्लीने घरी गेले. पितांबर उन्हाने तापलेल्या रस्त्यावरून त्या माणसांकडे चालू लागला. पहिलं वाक्य कुठलं असावं, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं.