गाळणीतली माशी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या बाजारात चहाच्या गाळण्या निवडत होते. संक्रांत तोंडावर आलेली, त्यामुळे दुकानदाराला वाटलं, बाई हळदीकुंकवाच्या वाणासाठी घेत आहे. फोन ठेवला तरी मी तशीच उभी. "बांधून देऊ न?" त्यानं विचारलं. मी मान हलवली... आणि ती पिशवी घेऊनच अमरावतीची एसटी धरली. नणंदेच्या शेवटच्या दर्शनाला गाळण्या घेऊन जाणारी भावजय वऱ्हाडात दुसरी नसेल. पण त्या ताईंसाठीच होत्या.

सुधाताई माझ्या थोरल्या नणंद. अमरावतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत, जीव मात्र सगळा मधमाश्यांत. संत्र्याच्या फुलावर कोणकोणत्या माश्या येतात, हे शोधायला त्या वरूडला माझ्या भावाच्या, बाळूदादाच्या बागेत रंगीत वाट्या मांडत. वाटीत साबणाचं पाणी. माशी रंगाला फूल समजून उतरते आणि बुडते. वाट्यांचं खातं माझ्याकडे. ताईंचे यजमान लवकर गेले, म्हणून हळदीकुंकवाला त्यांना कुणी बोलावत नसे. त्यांच्या वाटचीही घरं मग मीच फिरे. वाण म्हणून स्टीलची वाटी हातात आली की हळूच विचारायचं, "प्लास्टिकची निळी नाही का?" बायका माझ्याकडे कशा बघत, ते सोडा.

एका बहारात दादानं वाटीत वाकून पाहिलं.

"ताई, माह्या झाडाच्या माश्या तुमी बुडवून राहिल्या. मंग फळ काय तुमचं कॉलेज धरन?"

"बरोबर हाय तुमचं," ताई म्हणाल्या.

"जित्या सोडत असान तर बाग तुमचीच. नाई तर पुढच्या बहाराले येऊ नका."

त्याच झाडांवर त्यांची वर्षानुवर्षांची पाहणी चाललेली. बाग सुटली की सगळं पाण्यात. शिवाय मेलेल्या माश्या त्यांनाही बघवत नसत, हे त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या. मग सुट्टीत त्या अकोल्याला आल्या की आमच्या अंगणात कारखाना. निळी रंगवलेली बाटली, तोंडाला नरसाळं. माशी आत घसरते, बाहेर येत नाही. पण कोरडी बाटली उन्हानं तापायची आणि माशी मरायची. गारव्याला तळाशी पाणी ठेवलं तर बुडायची. मी सुचवलं, बाटलीवर छत्री बांधा. त्यांनी बांधलीही, माझं मन राखायला. वाऱ्यानं छत्री सापळ्यासकट शेजाऱ्याच्या गच्चीवर.

फुलं लागायची वेळ आली, संक्रांत आली, तोड मात्र नाही. त्यात मला वाण मिळालं ते गाळणीचं. ती त्यांच्यापुढे टाकत मी म्हटलं, "घ्या, यंदा वाटीचाही दुष्काळ."

ताईंनी गाळणी उजेडात धरली. "मंदे, चहा खाली जाते, चोथा वरतं रायते."

"म्हणून तर गाळणी म्हणतात, ताई."

"मंग माशी वरतं राहीन न... पाणी खाली."

दांडा कापून जाळी बाटलीत बसवली. खाली पाण्याचा गारवा, वर माशी कोरडी. वरूडला दादासमोर त्यांनी बाटलीचं नरसाळं काढलं. माशीनं जाळीवर पाय चोळले आणि उडाली. दादा मला म्हणाला, "ताईले चहा मांड."

माझ्यासाठी तोवर माशी म्हणजे माशी. मुंगीएवढी माशीसुद्धा पायाला पराग चिकटवून घरी नेते, हे पन्नाशीला आलेल्या मला ताईंनी झाडाखाली बसवून दाखवलं. एवढं कोण कुणाला देतं?

तेरवी झाली आणि दादाचा फोन आला, "फूल लागलं. ताईच्या बाटल्या आणतं का?" ताईंची एक विद्यार्थिनी आणि मी गेलो. त्या पिशवीतल्या गाळण्या नव्या बाटल्यांत बसल्या. टांगायला दादा स्वतः शिडीवर चढला.

एक गाळणी उरली, ती माझ्या ओट्याशी असते. सकाळी चोथा झटकण्याआधी मी तिच्यात एकदा डोकावते... आत कुणी बसलेलं नाही ना.